सरांचा आकडा

पाणी जुळत नव्हतं. तिसऱ्यांदा मोजलं तरी नाही. कुमुदनं चष्मा काढून टेबलावर आपटला आणि मनातल्या मनात एक शिवी हासडली. कुणाला, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

बेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायची हौस कुणाला असते हो? पण कॉलेजनं सांगितलं, डॉक्टर व्हा, नाहीतर बढती विसरा. झालं! सात वर्षं ही बाई खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमधून स्कूटी काढत होती, चार-चार तास वर्गात घसा फोडत होती आणि उरलेला जीव या कॉम्प्युटरपुढे घालवत होती. नवरा यशोधन फॅक्टरीची शिफ्ट सांभाळून भाजी-पोळीसुद्धा करायला शिकला. आता तिचे गाइड श्यामसुंदर सर शनिवारी रिटायर होणार होते. त्याआधी त्यांची सही मिळाली तर प्रबंध दाखल. नाहीतर नवा गाइड शोधा आणि त्याचे पाय धरा. पाचही प्रती गोहलपुरातून बाइंडिंग होऊन आल्या होत्या, काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. फक्त सही राहिली होती. आणि तोंडी परीक्षेची तयारी म्हणून या बाईला आजच पाणी मोजायची बुद्धी सुचली!

विषय ऐकायला भारी, पण गोष्ट साधी आहे. एक पेटी समजा, पाण्यानं भरलेली. झाकण मागेपुढे सरकतं, त्यानं पाणी ढवळतं, आणि वरच्या एका फटीतून ते आत-बाहेरही होतं. पेटीचा तळ रबराच्या पातळ पडद्याचा. पाणी पडद्याला ढकलतं, पडदा फुगतो, फुगला की पाण्याची वाट बदलते, मग पाणी पुन्हा वेगळं ढकलतं. हे सगळं खरं नाही, कॉम्प्युटरात. एक प्रोग्राम पाण्याचा, एक पडद्याचा, आणि दोघांनी क्षणाक्षणाला एकमेकांना विचारून एकमत करायचं. पण पडदा हलका आणि पाणी जड असलं की दोघांचं भांडण जुंपतं आणि आकडे भडकतात. म्हणून सरांनी लॅबला एक आकडा घालून दिला होता. पडदा म्हणाला शंभर हलतो, तर त्याला पाचच हलू द्यायचं. सरांचा आकडा! आजवरच्या अकरा विद्यार्थ्यांनी तो डोळे मिटून घेतला. भांडण मिटायचं, कॉम्प्युटर सांगायचा, एकमत झालं.

पण एकमत झालं हे तो ठरवायचा कशावरून? मागचं उत्तर आणि आताचं उत्तर जवळजवळ आहेत का, एवढ्यावरून. अरे, शंभरातलं पाचच हलू दिलंस तर जवळ असणारच की! आज कुमुदला हे एकदम दिसलं. पडदा जेवढा फुगलो म्हणत होता, तेवढं पाणी वरच्या फटीतून आत आलेलंच नव्हतं. तिसरा हिस्सा कमी. सात वर्षांचे सगळे आलेख असेच, अर्ध्यात थांबवलेले. सरांच्या स्वतःच्या प्रबंधातल्या जुन्या आलेखाशी मात्र ते तंतोतंत जुळत होते.

तिनं पाच प्रती पिशवीत घातल्या, लॅपटॉप घेतला आणि भर दुपारी सरांचं घर गाठलं. सर ओसरीवर पुस्तकं खोक्यात भरत होते.

"ये. सह्या घ्यायला आलीस ना? अगं, चेहरा काहून असा उतरला?"

"सर, पाणी जुळून नाही राहिलं."

तिनं लॅपटॉप उघडून पुढे केला. सरांनी त्याकडे पाहिलंच नाही. हातातलं पुस्तक त्यांनी हळूच खोक्यात ठेवलं.

"किती कमी पडून राहिलं?"

"तिसरा हिस्सा."

"हं. माझ्या प्रबंधातही तेवढंच कमी पडलं होतं."

कुमुदला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं लॅपटॉप धाडकन मिटला.

"तुम्हाला माहीत होतं? आणि तरी आम्हाला तोच आकडा देत राहिलात?"

"दुसरा दिला असता तर तुमचे आलेख माझ्याशी जुळले नसते. मग कुणीतरी विचारलं असतं, काहून नाही जुळत?" सर तिच्याकडे न बघता बोलत होते. "अकरा जणांत पाणी कुणी मोजलं नाही. तूच पहिली."

त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. कुमुदला असा संताप आला की ती खोकी लाथेनं उडवावीत. पण लाथ मारायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता उरला नव्हता.

"नीट करायचं तर किती वेळ लागेल?" सरांनी विचारलं.

"दोन वर्षं. कॉलेज सांभाळून."

"मला डिग्री मिळाल्यावर कळलं, कुमुद. तुला आधी कळलं. माझं सोपं होतं गं." त्यांनी खिशातून पेन काढलं. "हे बघ. मी सही केली तर कुणी विचारणार नाही. परीक्षक आलेख जुळतात का तेवढंच पाहतात. नाही केली तर चांगला गाइड मी शोधून देतो, आणि चूक माझी म्हणून त्याला लेखी देतो. दोन्हीला तयार आहे. तू सांग."

सरांनी रागावावं, हुकूम सोडावा, यासाठी ती आली होती. दुसऱ्या कुणीतरी ठरवावं, एवढंच तिला हवं होतं. दोन वर्षं. पुन्हा ती स्कूटी, पुन्हा यशोधनच्या जाड पोळ्या, पुन्हा प्रत्येक लग्नात "झाली का गं पीएच.डी.?"

"करा," ती म्हणाली.

"काय?"

"सही करा, सर."

पेन उघडून सर क्षणभर तसेच थांबले. त्यांनी वर पाहिलं, आणि कुमुदला कळलं, आपण नाही म्हणावं असंच यांना हवं होतं. इतकी वर्षं कुणीतरी नाही म्हणेल म्हणून हा माणूस वाट पाहत होता. ती खाली बघत राहिली. सरांनी पाची प्रतींवर सही केली.

आतून सरांच्या पत्नी मीराकाकू बशी घेऊन आल्या, खव्याच्या जिलबीची. "झाल्या सह्या? चलो, तोंड गोड करा, डॉक्टरीणबाई!"

कुमुदनं एक जिलबी खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मग तिनं दुसरीही घेतली.