सव्वीस एमएमचा बार

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. गॅरेजात हातातून पाना निसटला तर मी पान्यालाच शिव्या घालतो. फक्त ताईपुढे माझा आवाज कधी चढला नाही. चढला तो एकदाच, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि ताई बारा. तिनेच मला कडेवर घेऊन वाढवलं. त्याच डाव्या कडेच्या हाडात आता आजार शिरला होता. डॉक्टरांनी रेडिएशनच्या पंचवीस फेऱ्या सांगितल्या, रविवार सोडून रोज. दवाखाना टेकडीपलीकडे, रस्ता वळणावळणाचा. नऊ फेऱ्या झाल्या आणि ताई म्हणाली, "बास झालं रे. दवाखान्याचं काही नाही, पण ही ये-जा सोसत नाही."

मध्येच सोडलं तर दुखणं हाताबाहेर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.  मी सगळा राग गाडीवर काढला. गाडी जुनी, उंच अंगाची. उजवं वळण आलं की डावीकडे कलायची, आणि ताईचा भार नेमका दुखऱ्या बाजूवर. म्हटलं, हा आजार माझ्या हातात नाही, पण गाडीचं कलणं तर आहे!

गाडीच्या पोटाखाली एक आडवी पोलादी दांडी असते, स्टॅबिलायझर बार. डावं चाक आणि उजवं चाक ती एकमेकांना बांधून ठेवते. गाडी कलायला लागली की दांडीला पीळ बसतो आणि ती गाडीला सरळ धरते. दांडी जितकी जाड, तितकं कलणं कमी. माझ्या गाडीतली होती वीस एमएमची, आणि तिला धरून ठेवणारे रबरी बुशसुद्धा पार पिचले होते.

स्पेअर पार्टवाल्या काकांच्या दुकानात गेलो. काकांनी काउंटरवर दोन बार ठेवले, एक बावीसचा, एक सव्वीसचा.

"बावीसचा ने," काका म्हणाले. "बुश नवे टाक. तेवढ्याने पुष्कळ फरक पडेल."

"फरक नकोय मला. कलणं बंद पाहिजे."

"अरे, एवढा जाड बार म्हणजे एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हिसका. पेशंट आहे ना मागे?"

"काका, तुम्ही पार्ट विका. गाड्या मी बांधतो."

काकांनी बावीसचा परत फळीवर ठेवला. सव्वीसचा कागदात गुंडाळून दिला.

रविवारचा अख्खा दिवस मी गाडीखाली उताणा पडून होतो. बुशना ग्रीस लावलं, बार चाकांना जोडणाऱ्या लिंक नव्या टाकल्या, गाडी चाकांवर उतरवून मग नट आवळले. संध्याकाळी पाण्याने पाऊण भरलेला पेला पुढे ठेवून हायवेच्या वळणांवर गाडी पळवली. थेंब सांडला नाही! तसाच काळ्या हातांनी घरी गेलो आणि ताईला पेला दाखवला. ती हसली. म्हणाली, "गुणाचं रे माझं पोर."

चार दिवस ती आली. रोज विचारायचो, "ताई, कशी आहे गाडी?" रोज तेच उत्तर, "मस्त. अजिबात झुलत नाही."

पाचव्या दिवशी तिने चपला घातल्याच नाहीत. "मी नाही येणार," एवढंच म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "तुझ्यासाठी मी दिवसभर गाडीखाली मरतोय आणि तुला बसूनसुद्धा जाता येत नाही? मरायचंच ठरवलंयस का?" असं बोललो मी. ताईला.  ती पदराने डोळे न पुसताच आत गेली.

मी तरातरा काकांकडे गेलो. म्हटलं, "बार झकास आहे, ताईच ऐकत नाही."

"मागे बसून बघितलंस का?" काकांनी विचारलं.

वीस वर्षं गाड्या बांधतोय. मागच्या सीटवर बसायची वेळ कधी आलीच नव्हती.

काकांनी दुकान शेजाऱ्यावर सोपवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. मी ताईच्या जागी बसलो, तिची उशी डाव्या कुशीला घेऊन. दवाखान्याच्या अलीकडे रस्ता उखडलाय. तिथे एक चाक खड्ड्यात गेलं आणि अख्खी गाडी आडवी हादरली. हिसका थेट कंबरेत आला. माझ्यासारख्या धडधाकट माणसाच्या तोंडून "आई गं" निघालं. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. रोज जाता-येता असे किती हिसके तिने गिळले असतील, आणि वर "मस्त" म्हणाली असेल.

परतताना उजवं वळण आलं. मी दाराचं हँडल घट्ट धरलं. काही झालंच नाही.

"काका, बाजूला ढकलणारा जोर जाणवलाच नाही."

"जाणवेल कसा? बार फक्त कलणं रोखतो, जोर वेगाने येतो. वीसने चालवतोय. तू कितीने घेतोस हे वळण?"

पन्नासने. मी पन्नासने घ्यायचो. आरशात तिचा चेहरा बघवायचा नाही मला, म्हणून कधी एकदा पोचतो असं व्हायचं. घाई तिच्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती. काकांना सांगताना मला रडू फुटलं, भर रस्त्यात.

दुपारी सव्वीसचा काढून बावीसचा बसवला. संध्याकाळी ताईच्या पायाशी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? हळू चालव म्हणायचंस!"

"काळे हात घेऊन आलास, पेला दाखवलास. कशी बोलू?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तुला कडेवर घेऊन दोन मैल चालायचे मी, तुला ताप असला की. तुला हिसका बसू नये म्हणून पाऊल बघून टाकायचे. बार-बीर काही नव्हता मला."

दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी निघालो. ताईने स्वतः चपला घातल्या. उखडलेल्या रस्त्यावर मी एकेक चाक बघून उतरवत होतो. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. एकाने शेजारून जाताना काच खाली करून माझी अक्कल काढली. एरवी मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

या वेळी मी आरशात बघितलं. ताईची मान उशीवर कलली होती, तोंड थोडं उघडं. झोप लागली होती तिला. मी बोटाने त्या माणसाला गप्प राहायची खूण केली आणि गाडी आणखी हळू केली.