मेणातलं नाणं

इंगळीनं चोवीस लड्यांचं गाठोडं दुकानाच्या फळीवर आपटलं, तेव्हाच शेटनं ओळखायला हवं होतं की आज गाठ नवऱ्याशी नाही, बायकोशी आहे.

गावानं तिला इंगळी नाव ठेवलं ते काही उगाच नाही. बोलायला लागली की समोरच्याला पाणी मागू द्यायची नाही. पण लोकरीचं सूत काढावं तर तिनंच. हिवाळाभर ती आणि सून टकळी घेऊन बसत आणि असं बारीक, एकसारखं सूत काढत की लडी हातातून खाली ठेवावीशी वाटत नसे. ते दुकानात पोचवायचं काम नवऱ्याचं. सत्तावीस वर्षं त्यानं ते केलं. दोन महिन्यांपूर्वी तो गेला, म्हणून आज ती स्वतः आली होती.

शेट नेहमीसारखा एकेक लडी वेगळी तोलू लागला. त्यानं सुताची जात कळते म्हणे. मग बेरीज करून त्यानं आकडा सांगितला आणि इंगळीचं डोकं सणकलं.

“तीन लड्यांचं वजन कुठं गेलं?”

“सूत दमट असेल. वाटेत वाळलं.”

“सकाळी गिरणीवाल्याच्या काट्यावर तोलून आणलंय. तिथून इथं येईस्तोवर तीन लड्या वाळल्या? सूत आहे का दव?”

“हे बघ बाई, तुझा नवराही एवढंच आणायचा.”

एवढंच आणायचा! दर खेपेला चोविसातल्या तीन लड्या कमी भरायच्या, आणि बाजारात भेटला की हाच शेट तिला सांगायचा, ‘वाटेत गुत्त्यावर थांबतो तो, त्यालाच विचार.’ ती विचारायची. जेवताना विचारायची, चारचौघांत विचारायची, एकदा तर सुनेच्या माहेरच्या माणसांसमोर विचारलं. नवरा कधीमधी घ्यायचा, म्हणून ते खरंही वाटलं. “मी नाही गं विकल्या,” असं तो सुरुवातीला म्हणायचा. पुढं तेही म्हणेनासा झाला.

“ते वजन काढ,” इंगळी म्हणाली. “रिकामी तागडी धर माझ्यासमोर.”

शेटच्या तागडीत कायम एखादं वजन पडलेलं असायचं. ती रिकामी कुणी पाहिली नव्हती आणि कुणाला ते खटकलंही नव्हतं.

“माझ्या तागडीवर संशय? तीन पिढ्यांचं दुकान आहे हे!”

“मग तीन पिढ्यांचा चोर आहेस.” तिनं हात घालून वजन उचललं आणि बाजूला फेकलं. रिकामं पारडं वर जायचं सोडून खालीच बसलं. तिनं खालून चाचपलं. मेणाचा चपटा गोळा हाताला लागला, तो तिनं उपटला.

“हे काय आहे रे?”

शेटची पाचावर धारण बसली. “मुंग्या… मुंग्या चढतात म्हणून लावलंय.”

“सूत खातात होय रे तुझ्या मुंग्या?”

भर दुपारची वेळ, दुकानात तिसरं माणूस नव्हतं. ते लक्षात आल्यावर शेटला धीर आला. “जा, सांग गावाला,” तो म्हणाला. “इंगळी डसते हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोण ऐकतंय तुझं?”

घरी सुनेनं नखानं मेण उचकटलं, तर आत चांदीचं जुनं नाणं. लडीच्या आठव्या हिश्शाएवढं त्याचं वजन. प्रत्येक लडीमागं तेवढं सूत शेटच्या घशात गेलं होतं. इंगळी ते नाणं हातात धरून बराच वेळ शिव्या देत होती, आणि त्यातल्या सगळ्याच काही शेटला नव्हत्या.

सुनेच्या माहेरची दोन नाणी होती, आरशासारखी चकचकीत. ती आणि हे मेणातलं, तिन्ही घेऊन दोघी शहरातल्या नाणेवाल्याकडं गेल्या. अरुंद खोली, टेबलावर दिवा आणि भिंग. सुनेची नाणी त्यानं नुसती बघून परत केली.

“चांदीच्या भावात जातील.”

मग त्यानं तिसऱ्याचं उरलेलं मेण हळूच सोडवलं, नाणं कडेनं धरलं आणि भिंगाखाली नेलं. दोन्ही बाजू त्यानं पुन्हापुन्हा न्याहाळल्या. शेवटी त्यानं जो आकडा सांगितला, तो दोन हिवाळ्यांच्या सुताचा होता.

“असं कसं?” सून म्हणाली. “चांदी तर तिन्हीत सारखीच ना?”

“चांदीला कोण विचारतो, ताई? हे साल बघा. या साली नाणी थोडीच पाडली, त्यातली बहुतेक पुढं आटवली. सालाखाली हा ठिपका आहे ना, ती टाकसाळीची खूण. तीही फार मिळत नाही. आणि हा मुखवटा बघा, एकेक केस मोजून घ्या. हातोहात फिरलं असतं तर नाक केव्हाच झिजलं असतं. मेणात राहिलं म्हणून टाकसाळीतली झळाळी अजून अंगावर आहे. तुमची नाणी तुम्ही घासलीत. म्हणजे कातडं सोललंत त्यांचं. याला मात्र घासू नका, पुसूसुद्धा नका. विकताय?”

“विकतोय,” सून म्हणाली. लोकर पिंजायचं यंत्र तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं. पिंजून पिंजून तिची बोटं रात्री मिटत नसत.

“आत्ता नाही,” म्हणून इंगळीनं नाणं पदरात बांधलं. “चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. आधी ते निस्तरू दे.”

सुनेच्या तोंडात तीळ भिजत नाही. नळावर तिनं एकीला नाण्याची किंमत सांगितली आणि दुपारपर्यंत गावभर झालं. उन्हं कलायच्या आत शेट अंगणात हजर. मागोमाग गंमत बघायला सूत काढणाऱ्या सगळ्या बायका आल्या.

“वहिनी,” आजवर बाई म्हणणारा शेट म्हणाला, “ते नाणं आमच्या आजोबांची आठवण आहे हो.”

“कुठं ठेवली होती आठवण?”

शेट उपरणं सावरू लागला.

“तुझं आहे ना? मग कुठं होतं ते या सगळ्यांना सांग. सांगितलंस तर आत्ताच्या आत्ता देते. शब्द आहे माझा.”

शेटनं बायकांकडं पाहिलं, पदराच्या गाठीकडं पाहिलं. अब्रू मोठी का पैसा, याचा हिशेब करायला त्याला फार वेळ लागला नाही.

“पारड्याखाली होतं.”

“मोठ्यानं!”

“तागडीच्या पारड्याखाली होतं! वजनाच्या.”

“आणि माझ्या नवऱ्यानं किती लड्या विकल्या वाटेत?”

“एकही नाही. पुऱ्या आणायचा तो.”

“गुत्त्यावर थांबायचा?”

“मीच म्हणायचो तसं. दे आता.”

गर्दीतली एक म्हातारी मटकन खाली बसली. “सूत चोरते म्हणून पोरीला झोडलं रे मी,” ती म्हणाली. “सासरी गेली ती परत आली नाही.”

इंगळीनं गाठ सोडली. मग चुलीतली मूठभर राख घेतली, विटेचा तुकडा घेतला आणि अंगणातल्या दगडावर बसून नाणं घासायला लागली.

“अगं घासू नको!” शेट किंचाळला. “घासू नको, मातीमोल होईल ते!”

“मेणकट कसं देऊ? शेजारणीचं भांडंसुद्धा आपण घासून परत करतो.”

“आई, यंत्र!” सुनेनं तिचं मनगट धरलं. इंगळीनं ते झटकलं. मुखवट्याचे केस गेले, मग नाक गेलं, सालाखालचा ठिपका गेला, तरी तिचा हात थांबेना. शेट पुढं सरसावला, तर बायकांनी त्याला वाट दिली नाही. नाणं लख्ख झाल्यावरच तिनं ते त्याच्या तळहातावर ठेवलं.

“घे. चांदीच्या भावात जाईल.”

शेट गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दुकानात कुणी सूत घेऊन जाणार नाही, असं तिथल्या तिथं ठरलं आणि बायका म्हातारीला धरून घरी घेऊन गेल्या. अंगणात दोघीच उरल्या. सून भिंतीला टेकून आपल्या बोटांकडं बघत रडत होती.

“दोन हिवाळे घासून टाकलेत तुम्ही,” ती म्हणाली. “गावासमोर कबूल केलं होतं त्यानं. मामंजींचं नाव स्वच्छ झालं होतं. अजून कसला राग होता, आई?”

इंगळीचे हात राखेनं भरले होते. ते धुवायला ती उठली नाही.

“त्याला गावासमोर सांगता आलं,” ती म्हणाली. “सत्तावीस वर्षं मी बोलले, ते मी कुणासमोर जाऊन सांगू?”