सगळ्यांना सांगितलं, तिला सोडून

भाड्याच्या खोलीत दोघी राहू लागल्या की पहिल्यांदा नाहीसा होतो तो शाम्पू. तो कुणी चोरत नाही, तो आपोआप कमी होतो! मग केसांच्या पिना जातात, मग पायमोजे, आणि एक दिवस आपला आवडता स्कार्फ खुंटीवरून गायब होतो. ज्यांनी कधी कुणाबरोबर खोली वाटून घेतली आहे, त्यांना हे मी नव्यानं सांगायला नको.

मोजपट्टी या टोपणनावाच्या मुलीचंही असंच झालं. ती शिवणकामाच्या दुकानात कामाला होती. गळ्यातली मोजपट्टी जेवतानासुद्धा काढायची नाही, म्हणून दुकानातल्या पोरींनी तिला तेच नाव ठेवलं होतं. तिच्या खोलीतली दुसरी मुलगी पावडर-लिपस्टिकच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी आल्यावरही तिची चिवचिव थांबायची नाही, म्हणून ती चिमणी.

मोजपट्टीला आपल्या पिना चिमणीच्या केसांत दिसल्या तेव्हा ती काय म्हणाली असेल? "छान दिसतेयस," म्हणाली! भिडस्तपणाची हद्द झाली. मग ती साबण न्हाणीघरात नेऊन परत आणू लागली, तेलाची बाटली उशीखाली ठेवू लागली. आणि निळा स्कार्फ गेला तेव्हा मात्र तिला रडू आलं. उरलेल्या रेशमी तुकड्यांतून तो तिनं स्वतःसाठी शिवला होता, कडेला बारीक हातटाके घालून. तरीही चिमणीसमोर ती मूग गिळून बसली.

ही चुप्पी फक्त खोलीपुरती होती बरं का. दुकानात मशीन सुरू व्हायच्या आधी तिचं तोंड सुरू व्हायचं. "आज काय नेलं तुझ्या चिमणीनं?" पोरी विचारायच्या, आणि ही मीठमिरची लावून सांगायची. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाईंनाही तिनं सगळं ऐकवलं. सगळ्या इमारतीला बातमी होती. बातमी नव्हती ती एकट्या चिमणीला.

अशातच मोजपट्टीची आत्या चार दिवस राहायला आली. आत्यानं मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करण्यात आयुष्य घालवलं होतं, त्यामुळे कुणाच्या साबणावर कोण हात मारतं हे तिला वासावरून कळायचं. ती येऊन टेकते न टेकते तोच मालकीणबाई तणतणत वर आल्या.

"माझं घड्याळ नाहीये!" त्या थेट चिमणीवर घसरल्या. "यांनी लग्नात दिलेलं घड्याळ! तूच परवा वाटी मागायला आली होतीस ना?"

"काकू, मी दारातूनच परत गेले," चिमणी गोंधळून म्हणाली. "मी कशाला घेऊ तुमचं घड्याळ?"

"शाम्पू घेतेस, पिना घेतेस, स्कार्फ घेतेस, मग घड्याळ का नाही घेणार? सगळ्यांना ठाऊक आहेत तुझे गुण! उद्या संध्याकाळपर्यंत घड्याळ दे, नाहीतर खोली खाली कर. आणि तुझ्या शेठच्या कानावरही घालणार आहे मी."

जिन्यात शेजारी गोळा झाले होते. चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मोजपट्टीकडे पाहिलं. मोजपट्टीनं खाली पाहिलं. चिमणी चपला घालून बाहेर निघून गेली.

दार लागल्यावर आत्या म्हणाली, "स्कार्फबद्दल तू तिला काय विचारलंस?"

"काहीच नाही. तोंडावर कसं विचारायचं गं आत्या? वाईट दिसतं."

"आणि साऱ्या गावाला सांगत फिरलीस, ते चांगलं दिसलं?"

"पण माझ्या वस्तू गेल्या! चोर ती आहे आणि बोलणी मी खायची?"

"वस्तू तुझ्या गेल्या, हे खरंच. राग येणारच, यायलाच हवा. पण पिना दिसल्या त्याच दिवशी, दोघीच असताना म्हणाली असतीस, 'या माझ्या आहेत, विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत,' तर गोष्ट पिनांवरच मिटली असती. तिनं नसतं ऐकलं तर कपाटाला कुलूप लावायचं, मालकिणीला सांगायचं, दुसरी खोली बघायची. तू मधलं सगळं सोडून थेट गावजेवण घातलंस! वसतिगृहात मी हेच बघत आले. वस्तू नेणारी एक असायची, आणि तिच्याआड आणखी चार जणी हात धुऊन घ्यायच्या. एकीवर शिक्का बसला की बाकीच्यांना मोकळं रान."

"म्हणजे घड्याळ तिनं नाही घेतलं?"

"मला माहीत नाही. तुलाही नाही. पण पोरगी उद्या रस्त्यावर येणार आहे, ते तुझ्या सांगण्यावरून."

मोजपट्टीला ते मनातून पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं मालकीणबाईंचाच कोट हातात घेतला. त्याचं अस्तर बदलायचं होतं. त्या दुकानाचा एक नियम होता, आणि शिकाऊ मुलीलासुद्धा तो पहिल्या दिवशी शिकवत: कपडा घेताना गिऱ्हाइकासमोर खिसे उलटे करायचे, आतलं सामान त्याच्या हातात द्यायचं आणि मगच कपडा ताब्यात घ्यायचा. मोजपट्टीनं अस्तर उसवायला कोट पालथा केला आणि आतल्या खिशातून काहीतरी टक् करून टेबलावर पडलं.

घड्याळ! पट्टा तुटलेलं, सोनेरी तबकडीचं घड्याळ!

कोट घेताना खिसे कसे पाहिले नाहीत? आणि लगेच आठवलं. मालकीणबाई कोट घेऊन दुकानाच्या दारात उभ्या होत्या आणि ही त्यांना चिमणीनं स्कार्फ कसा लांबवला ते रंगवून सांगत होती. सांगण्याच्या भरात खिसे राहिले. त्याही दुरुस्तीला द्यायचं घड्याळ खिशात ठेवून विसरल्या.

चोरीचा माल तिच्याच टेबलावर होता! आता कुणी तिला चोर म्हणालं तर?

एक वाट सोपी होती. घड्याळ गुपचूप बाईंच्या फळीवर ठेवून द्यायचं. कुणाला कळलं नसतं. मोजपट्टीनं तसा विचार केलाही. पण चिमणीचा पांढरा पडलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना. तिनं दुकान चालवणाऱ्या मास्तरांची परवानगी घेतली आणि तडक घरी आली.

चिमणी बॅग भरत होती. मोजपट्टीनं मालकीणबाईंना वर बोलावलं, जिन्यातल्या शेजाऱ्यांनाही थांबवलं, आणि घड्याळ सगळ्यांसमोर धरलं. "हे माझ्याकडे होतं. कोटाच्या खिशात. खिसे न तपासता कोट घेतला, ती चूक माझी. चिमणीनं याला हातही लावलेला नाही."

मालकीणबाई ओशाळल्या. "तूच तर सांगत होतीस..." असं काहीतरी पुटपुटत खाली गेल्या.

खोलीत दोघीच उरल्या. आत्या मुद्दाम पाणी भरायला गेली.

"माझ्याबद्दल सगळ्यांशी बोललीस," चिमणी म्हणाली, "मला एकदा तरी बोलायचंस!"

"चुकलं माझं. आता बोलते. माझा निळा स्कार्फ मला परत दे."

वाक्य एकदाचं पूर्ण झालं! चिमणीनं बॅगेच्या तळातून स्कार्फ काढला.

"शाम्पू-पिनांचं मला काही वाटलंच नाही गं. घरी आम्हा बहिणींचं सगळं एकत्रच. पण स्कार्फ मी चोरला. काउंटरवर घातला, सगळ्यांनी छान म्हटलं, आणि मग परत ठेवायची हिंमत होईना." ती हमसून हमसून रडू लागली.

आत्या दारात आली होती. "घरची सवय हे कारण झालं, माफी नाही," ती चिमणीला म्हणाली. "परक्याची वस्तू विचारूनच घ्यायची. नाही म्हटलं तर नाही." चिमणीनं मान हलवली. बॅग रिकामी झाली. मोजपट्टीनं कपाटाला कुलूप लावलं, चिमणीच्या देखत, आणि चिमणीनं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

तर मंडळी, आपली वस्तू कुणी उचलली तर गप्प बसू नका. ज्याचा संशय आहे त्यालाच, एकांतात, वेळेवर विचारा. ऐकलं नाही तर कुलूप आहे, घरमालक आहे, दुसरी खोली आहे. पण त्याच्या पाठीमागे त्याचं नाव खराब करत फिरू नका.

कारण स्कार्फ त्याच दिवशी खुंटीवर परत आला. चिमणीनं त्यानंतर न विचारता कशालाही हात लावला नाही. तरी आजही ती दुकानात मोजपट्टीला भेटायला आली की पोरी आपापल्या पर्स मांडीवर ओढून घेतात. मोजपट्टी त्यांना पुन्हा पुन्हा समजावते. त्या हो म्हणतात आणि पर्स धरून ठेवतात. चिमणी हसून विषय बदलते. मोजपट्टीला हसता येत नाही. चिमणीचं जे तिनं नेलं, ते तिला अजून परत करता आलेलं नाही.