क्रोगची घोंगडी

मेलेला माणूस कर्तव्याला चुकत नाही, असं एस्बेनचं ठाम मत झालं तेव्हा तो प्रोजेक्टरमागच्या ओल्या घोंगडीला हात लावून उभा होता. जिवंत माणसांबद्दल त्याला इतकी खात्री नव्हती. खेळाआधी घोंगडी भिजवणं हे त्याचंच काम होतं.

त्या काळची फिल्म अशी की दिव्यापुढे क्षणभर अडकली तरी पेट घ्यायची. मग प्रोजेक्टरच्या खोलीच्या खिडक्यांवरच्या लोखंडी झडपा आपोआप पडायच्या, धूर खाली प्रेक्षकांत उतरायचा नाही. प्रेक्षकांची सोय अशी चोख होती. आत कोंडलेल्या ऑपरेटरसाठी घोंगडी : ओली करून अंगावर ओढायची आणि दार गाठायचं.

वाल्डेमार क्रोगला दार गाठता आलं नव्हतं. त्याच्या जागी एस्बेन आला आणि पहिल्याच दिवशी भिजवायचं विसरला, तर घोंगडी आधीच निथळत होती. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर त्याने भिजवायच्या बादलीत बिअरच्या बाटल्या ठेवायला सुरुवात केली, आणि आत शिरताना क्रोगच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून टोपी काढायला.

आज मात्र वर जाण्याआधीच त्याने तिकिटांच्या खिडकीत डोकावून पाहिलं. तिथे क्रोगची विधवा बसत असे.

"क्रोगबाई, वर घोंगडी कोण भिजवतं हो?"

"तू. पगार कशाचा घेतोस?"

"मी नाही भिजवत. रोज आयती ओली असते." त्याने आवाज खाली आणला. "मला वाटतं... साहेब येत असावेत."

बाईंचा हात तिकिटांवर थांबला.

"कोण, आमचे हे?"

"हो."

त्यांनी तिकिटांची गड्डी बाजूला ठेवली.

"अरे बाबा, त्यांनी जिवंतपणी एकदा तरी भिजवली असती, तर मी कशाला बसले असते या खिडकीत? म्हणायचे, हात गारठतात. कोरड्या घोंगडीत गुंडाळलेले सापडले ते."

"मग कोण भिजवतं?"

"मला काय विचारतोस! माझे गुडघे त्या जिन्याचे राहिलेत का? पळ, घंटा होतेय."

एस्बेन वर गेला. स्टुलाकडे न बघता त्याने दार लावलं, रीळ चढवलं, दिवा पेटवला. यंत्र खडखडू लागलं. खाली कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. क्रोग नसेल, तर कोण? आणि त्याला काय हवं असेल?

नजर फिल्मवर ठेवून त्याने सवयीने हात मागे नेला.

घोंगडी कोरडी होती. नुसती कोरडी नाही, उन्हात वाळवल्यासारखी कडक.

"साहेब?" त्याच्या तोंडून निघालं.

त्याने बादलीकडे पाहिलं. बाटल्या होत्या, पाणी नव्हतं. खाली पडद्यावरचं चित्र एकदा थरथरलं, आणि खोलीत तापलेल्या फिल्मचा कापरासारखा वास पसरू लागला.

घोंगडी टांगायच्या खुंटीच्या बरोबर वर, छतातून जाणारा पाण्याचा पाइप गळत असे. मालकांनी सकाळीच माणूस बोलावून तो दुरुस्त करून घेतला होता.