शमशेर राणाच्या वतीने

मी धोटा बोलतोय. मला हात नाहीत, नाहीतर बोलण्याआधी जोडले असते. कारण सांगणारा मी असलो तरी लिहून घेणारा चेतन आहे. तो आठवीनंतर शाळेत गेला नाही आणि मी तर पहिलीलाही बसलो नाही. तेव्हा कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, कुठे शब्द अगदीच साधा वाटला, तर आम्हा दोघांना मिळून एकदाच माफ करा.

सुरतेत मला शटल असंही म्हणतात. ज्यांनी मला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीसारखं कोरलेलं कठीण लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोटात सुताची कांडी बसेल एवढी पोकळी. मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं, मागे धागा सोडायचा आणि परत यायचं. जन्मभर इतकं धावलो, पण तिथल्या लिंबायत भागातल्या लूमच्या कारखान्याची भिंत काही ओलांडली नाही.

माझ्या कुशीत एक बारीक भोक आहे. नवी कांडी घातली की धाग्याचं टोक त्या भोकातून बाहेर काढावं लागतं. जुने कारागीर त्यासाठी मला तोंडाला लावायचे आणि जोरात श्वास आत ओढायचे. धागा सुळकन बाहेर. दिवसभरात माझे इतके मुके घेतले जायचे की सिनेमातल्या हिरोला लाज वाटावी. फरक एवढाच, की माझ्या नशिबी सगळे तंबाखूवाले आले.

मला चालवणारे भाईदास खानदेशातल्या अमळनेरकडचे. शेजारच्या मागावर त्यांचे मित्र बन्सीलाल. दोघे एकाच गाडीने सुरतेला आले, एकाच चाळीत राहिले. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून दोघे हातवारे करून भांडायचे. बन्सीलाल शमशेर राणा या नटाचे भक्त. त्याचा नवा सिनेमा लागला की ते तिथूनच आपला धोटा पिस्तुलासारखा धरून दाखवायचे, म्हणजे रविवारी जायचं.

मग शेठनी नवे माग आणले. त्यात धागा पाण्याच्या फवाऱ्यानं फेकतात. धोटा लागतच नाही. पाणी! माझी जागा कुणी बलवान घेईल असं वाटलं होतं, आणि घेतली पाण्यानं. आम्ही सगळे भंगारात निघालो. भाईदासांनी मला तेवढं डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं.

त्यांच्या बायकोनं, सरलाबाईंनी, पिशवीत डोकावून पाहिलं. "इतलं वरीस राबनात, आनि घर हे लाकूड लई उनात?"

"राहू दे वं. आठवन म्हनून."

आठवणीला त्यांनी दाराच्या फटीत अडकवलं. पुढे मी शेंगदाणे कुटले, मांजर हाकललं, पलंगाचा तुटका पाय झालो. तक्रार नाही. धावणाऱ्याला एका जागी बसायला शिकावं लागतं, एवढंच.

चेतन त्यांचा मुलगा. पर्वत पाटिया भागात साड्यांच्या गोडाऊनमध्ये घड्या घालून पॅकिंग करतो. पोरगा इतका लाजाळू, की रिक्षा त्याच्या गल्लीच्या पुढे निघून गेली तरी "थांबवा" म्हणत नाही, पुढे उतरून चालत मागे येतो. पण सिनेमा पाहून आला की रात्री आईजवळ बसून हळू आवाजात सगळा सांगतो. कोण खरं रडलं, कोणाचे डोळे कोरडे होते, कोणत्या हिरोच्या आईला मुलापेक्षा कमी सुरकुत्या होत्या.

एका वर्षी टीव्हीवर मोठा पुरस्कार सोहळा चालू होता. भलत्याच नटीला पुरस्काराची बाहुली मिळाली. चेतन त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पलंगाखालून मला काढलं, तिथे वीट लावली आणि मला सोनेरी ऑइल पेंट फासला. आपले पुरस्कार आपण द्यायचे, असं त्यानं ठरवलं होतं.

आमच्याकडे उतराण, म्हणजे संक्रांत, दोन दिवस चालते. पहिला दिवस पतंगांचा. दुसऱ्या दिवशी, वाशी उतराणीला, माणसं दमलेली असतात, उंधियू उरलेला असतो, आणि धाब्यावर, म्हणजे चाळीच्या गच्चीवर, माइक-स्पीकर भाड्यानं आणलेलेच असतात. संध्याकाळी तिथेच सोहळा होऊ लागला. निकाल चेतनचे, आवाज महेशचा. महेश म्हणजे शेजारचा, लग्नाचा कोट घालायला निमित्त शोधणारा माणूस. चेतन चिठ्ठ्या देऊन पाण्याच्या टाकीमागे उभा राहायचा.

पुरस्कार पुष्कळ असायचे. सर्वोत्कृष्ट रडणं. सर्वोत्कृष्ट जिना, कारण श्रीमंत नायिकेच्या घरात तो असतोच. सर्वोत्कृष्ट साडी, ज्यावर बायका हमखास ओरडायच्या, "ए, ही तर आपल्या मार्केटची!" ट्रॉफी मात्र मी एकटाच. हातात द्यायचं, फोटो काढायचा, परत घ्यायचं आणि पुढच्याला द्यायचं.

आता मुंबईचे नट लिंबायतच्या धाब्यावर कशाला येतील? टीव्हीवर कुणी आलं नाही की दुसराच उठून सांगतो, मी त्यांच्या वतीने स्वीकारतो. आमच्या चाळीनं तेवढं नेमकं उचललं. सर्वोत्कृष्ट आईच्या वतीने दरवर्षी सरलाबाई पदर सावरून जायच्या आणि खरोखर रडायच्या. शेवटचा पुरस्कार सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा. तो ज्याच्या हाती पडेल त्याच्या घरी मी वर्षभर राहायचो.

आणि तो दरवर्षी बन्सीलालच्या हाती पडायचा. शमशेर राणा तेव्हा खरंच बरं काम करायचा. बन्सीलाल मला काचेच्या कपाटात शमशेरच्या फोटोशेजारी ठेवून उदबत्ती लावत. त्यांची मुलगी हर्षदा घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करते. तीच माझ्यावरची धूळ पुसायची. एकदा पुसता पुसता म्हणाली, "तुझ्यावर रंग त्यानंच दिलाय ना? कोपरे सोडलेत बघ. घाबरट." पण हसून म्हणाली.

तेव्हाच मला त्या दोघांचं कळलं. भाईदासांना उशिरा कळलं. बन्सीलालना सर्वांत शेवटी, पण ते रागावले नाहीत. "पोऱ्या गुणी शे," म्हणाले. "उतराण व्हऊ दे. सुपारी फोडी टाकू."

त्याच सुमारास शमशेरचा 'फौलादी' येऊन गेला होता. काय सांगू! त्यात शमशेर फक्त चालतो. आगीतून चालतो, पुरातून चालतो, आईच्या चितेपासूनही तसाच गॉगल लावून चालतो. बन्सीलालनी तो पुन्हापुन्हा पाहिला. चेतननंही पाहिला आणि घरी येऊन आईला काहीच सांगितलं नाही. सरलाबाईंनी ओळखलं.

"कोनले देशी रे?" त्यांनी विचारलं.

"बघू ना, माय."

"बघू काय? शमशेरले दी टाक. तुना बापना काय जास? सुपारी फुटू दे, मंग पुढला साल देजो कोनले देनं ते."

भाईदासही म्हणाले, "लाकूडच शे ते."

मला वाईट वाटलं. पण खरं होतं.

सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी हर्षदा मला साडीच्या कटपीसमध्ये गुंडाळून परत द्यायला आली. दारात चेतन.

"बाबांनी नवा शर्ट शिवलाय," ती म्हणाली.

"हं."

"भाषणपण पाठ केलंय. तू काय ठरवलंस?"

चेतन माझ्याकडे बघत राहिला. जसं काही मीच सांगणार होतो.

"मी पण बघितला पिक्चर," हर्षदा म्हणाली. "शमशेर नुसता फिरायला निघालाय त्यात."

"पण काका..."

"काकांच्या धाकानं आज हिरो बदलशील, तर उद्या त्यांच्याच धाकानं मलाही बदलशील. बघ बाबा." आणि ती जिना उतरून गेली.

वर्षभरात माझा रंग उडाला होता. चेतननं वाशी उतराणीच्या सकाळी मला नवा हात दिला. या वेळी कोपरेसुद्धा सोडले नाहीत. पण मन थाऱ्यावर नव्हतं, हात जाड पडला, आणि थंडीत रंग काही वाळला नाही. संध्याकाळी ज्यानं ज्यानं मला धरलं त्याचा तळवा सोनेरी झाला. लोक खूश. "या टायमाला बरकत आहे पुरस्कारात!" सर्वोत्कृष्ट गॉगलचा पुरस्कार शमशेरला मिळाला, तेव्हा बन्सीलाल उठलेसुद्धा नाहीत. मोठा माणूस किरकोळ घेत नाही. पहिल्या खुर्चीवर बसून ते ओठांनी भाषण घोकत होते.

महेशनं शेवटची चिठ्ठी उघडली. "सर्वोत्कृष्ट अभिनेता... सिनेमा, फौलादी!"

टाळ्या, शिट्ट्या. पुढचं कोण ऐकतो? बन्सीलाल माइकपाशी पोहोचलेही होते. महेशच्या हातातून त्यांनी मला घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी, हातात धोटा आल्यावर त्यांचे हात जे आयुष्यभर करत आले तेच त्यांनी केलं. मला तोंडाला लावलं आणि जोरात श्वास ओढला.

धागा नव्हताच. रंग होता.

त्यांनी मला खाली घेतलं तेव्हा ओठ, दात आणि अर्धी मिशी झगमगत होती. धाब्यावर एकदम शांतता झाली. बन्सीलालना वाटलं, लोक भाषणासाठी गप्प झालेत.

"शमशेरभाई शूटिंगमध्ये असल्यामुळे," त्यांनी सोनेरी तोंडानं सुरुवात केली, "मी त्यांच्या वतीने..."

महेश चिठ्ठीकडे पाहत घामाघूम झाला. तो टाकीकडे सरकला आणि कुजबुजला, "भो, इथं दुसराच कुणी लिहिलाय! शमशेरच म्हणू ना? घेतलाच आहे त्यांनी."

नुसती मान हलवायची होती. तिकडे सरलाबाई हातानं 'हो म्हण, हो म्हण' करत होत्या. हर्षदा पतंगांकडे बघत होती, म्हणजे बघत नव्हती. चेतन टाकीमागून बाहेर आला, आणि आजवर ज्यानं रिक्षा थांबवली नाही, त्यानं माइक धरला.

"काका, शमशेर नाही." माइक किंचाळला, तो दचकला, पण बोलत राहिला. "फौलादीमध्ये मंडईतली मारामारी आहे. शमशेर एकाला ठोसा मारतो. तो माणूस उडतो आणि खाली पडतो. त्याच्या बाजूला म्हातारीची भाजीची टोपली असते. तो पडता पडता अंग चोरतो, टोपलीला धक्का लागू देत नाही. कॅमेरा तर शमशेरवर होता. त्याला कुणी बघणार नव्हतं. तरी त्यानं टोपली वाचवली. त्याचं नाव बघायला मी शेवटपर्यंत थांबलो, पण थेटरवाल्यानं लाइट लावले. म्हणून नाव नाही लिहिलं." मग अगदी हळू, "माफ करा."

इतकं तो चारचौघांत जन्मात बोलला नव्हता.

बन्सीलालचा चेहरा काळवंडला. सोनेरी भाग सोडून. "मार खानारा? शमशेरना हातना मार खानारा?" ते म्हणाले. "मी इतलावार पिक्चर देखा, मले नै दिसना असा कोनी!" आणि मला काखेत मारून ते तरातरा जिना उतरले. नव्या शर्टाचंही वाटोळं झालं.

"झालं," सरलाबाई खुर्चीत बसल्या. "आते काय फुटस सुपारी!"

बन्सीलालच्या घरी मी कपाटात नव्हे, चुलीच्या ओट्यावर पडलो. साबणानं मिशीचा रंग निघेना. ते आरशासमोर घासत राहिले आणि मधूनच माझ्याकडे बघत, जसं काही मीच त्यांना मारलं.

वाचकहो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. सिनेमा संपला की लगेच उठू नका. पडद्यावर नावं सरकत असतात, त्यांच्यात एखादं त्या माणसाचं असतं. मी हजारो कोस कापड विणलं, कुठल्याच ताक्यावर माझं नाव नाही, म्हणून मला त्याची किंमत कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेतन गोडाऊनला गेला नाही. खोबरेल तेलाची बाटली आणि जुना रुमाल घेऊन तो बन्सीलालच्या दारात उभा राहिला. नेहमीसारखा, कडी न वाजवता. हर्षदानं खिडकीतून पाहिलं आणि दार उघडलं.

बन्सीलाल तोंडावर टॉवेल धरून बसले होते. "काय शे?"

"तेलानं निघतं काका."

टॉवेल खाली आला. चेतननं मोबाइलवर मंडईची मारामारी लावली, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, आणि होणाऱ्या की न होणाऱ्या सासऱ्याची मिशी पुसायला बसला.

"कुठे शे तुना तो?"

"आता. शमशेरकडे बघू नका."

"त्यानाकडे नै, ते कोनाकडे देखू?" पण त्यांनी बघितलं. "परत लाव." परत बघितलं. तिसऱ्यांदा त्यांनी चेतनचा हात मिशीवरून बाजूला केला आणि पुढे वाकले. "अरे! खरंच अंग चोरस रे हाऊ!"

 बन्सीलाल उगाच डब्याचं झाकण लावत राहिले. शेवटी आत बघून म्हणाले, "हर्षदा, ज्याले पडता मानूसनी वाचाडेल टोपली दिसस, त्याले घरातलं बी दिसी. सुपारी आन. आनि भाईदासले हाक मार."

"अडकित्ता सापडत नाही बाबा."

"फोडाले हाऊ शे ना," म्हणत त्यांनी मला उचललं.

"काका, थांबा," चेतन म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. त्यानं त्यांच्या हातातून मला घेतलं, रुमालाला तेल लावून माझ्या लोखंडी टोकावरचा ओला सोनेरी रंग पुसून काढला, आणि मला परत त्यांच्या हातात दिलं.