सतरा वेळा टॅब

मामाची वेबसाइट वीस वर्षांची. जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांची यादी, सगळी एकात एक अडकवलेल्या तक्त्यांत. मोबाइलवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी. मी ती नव्या एचटीएमएलमध्ये लिहून तयार ठेवली, तीही कुणी न सांगता. तरी मामाचा महिनाभर नन्नाचा पाढा.

"चाललंय ना? मग कशाला हात लावायचा?"

माझं डोकं सणकलं. पण मामा नव्याला नाक मुरडणारा नव्हे. दुकानात नवं हत्यार आलं की आधी तोच खेळत बसतो. मग घोडं पेंड खातंय कुठे, हे कळेपर्यंत मला चैन पडेना. मी इतकं टोकलं की शेवटी तो वैतागून बोलला.

"रेडिओकाका."

म्हणजे मामाचा जुना मित्र. दृष्टी गेली तरी बोटांनी रेडिओ दुरुस्त करतो. त्याचा कॉम्प्युटर पान वाचून दाखवतो.

"टॅबचं बटण सतरा वेळा दाबलं की तो यादीवर पोचतो. बोटांना पाठ झालंय. बदललं तर चुकेल. फोन करून भाग मागणार नाही, मानी आहे. कामच सोडून देईल."

"त्यांना विचारलंस?"

"असं कुणी विचारतं का?"

मी मामाला ओढतच काकाच्या घरी नेलं आणि नवं पान उघडून दिलं. मामा स्टुलाच्या कडेवर, कान टवकारून. काकाने टॅबऐवजी 'एच' दाबलं. "व्हॉल्व्ह," कॉम्प्युटर म्हणाला. पुन्हा दाबलं. "स्पीकर." काकाचा हात थांबला.

"दोनदा दाबून पोचलो की!"

"'एच'ने शीर्षकांवरून उड्या मारता येतात," मी मामाला म्हणाले. "काका, तुम्ही हे शिकलात कधी?"

"अगं, बाकीच्या साइट अशाच चालतात. हीच तेवढी अडेलतट्टू."

मामा उठूनच उभा राहिला. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू स्वतःच्या हाताने, एवढ्या हौसेने केलेली. नावं कशी ठेवू? म्हटलं, दाबू सतरा वेळा."

मामाने खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होता.

"लावून टाक गं नवी," शेवटी तो म्हणाला. "आजच."