काँटेसातले दोष

“दाबा. पूर्ण खालपर्यंत दाबा,” अनंतराव म्हणाले आणि इंद्रजीतचा पाय क्लचवर पडायच्या आत त्यांनी उभ्या उभ्या स्वतःचा डावा गुडघा चोळला. “जड आहे की नाही?”

इंद्रजीतने क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

“न्हाई ओ काका. मऊ हाय एकदम.”

“नवखे आहात. कळेल.”

पार्किंगच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या तनयाने डोळे मिटून घेतले. गिऱ्हाइकाला तोंडावर नवखा म्हणणारा माणूस अख्ख्या बिबवेवाडीत एकच असणार आणि तो नेमका आपला बाप असणार. हा इंद्रजीत लोणी काळभोरचा, मार्केट यार्डात त्याचा कांद्याचा गाळा, आणि जुन्या गाड्यांचा नाद असलेला. कितीतरी फोन करून तिने त्याला इथवर आणला होता.

काँटेसा विकायला अनंतराव तयार झाले हेच मुळात नवल होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी ती डिझेल गाडी अशी सांभाळली होती, की तनयाची आई म्हणायची, पुढच्या जन्मी मला काँटेसा कर रे देवा. आई जाऊन तीन वर्षे झाली. तिची ड्रायव्हरशेजारची सीट तिच्या उंचीप्रमाणे पार पुढे सरकवलेली, ती अजून तशीच होती. तिथे कुणी बसत नसे. तनयाही मागेच बसायची. तिला गाडी चालवता येत होती, पण ही चालवायचा तर प्रश्नच नव्हता. अनंतरावांनी किल्ली कधी कुणाच्या हातात दिली नव्हती.

पण दिवाळीनंतर त्यांनी स्वतःच जाहीर केले, “गाडी दमली आता. देऊन टाकू.” तनयाने ते वाक्य हवेतच झेलले. ती टेकली होती त्याच खांबावर काँटेसाचा रंग दोन ठिकाणी लागलेला होता. आणि गेल्या महिन्यात एक सायकलवाली बाई बॉनेटसमोरून जेमतेम वाचली, तेव्हा तनया मागच्या सीटवर होती. “ब्रेक धड लागत नाहीत,” असे म्हणत अनंतरावांनी घरी येईपर्यंत गॅरेजवाल्याच्या नावाने खडे फोडले होते. तनया गप्प बसली होती. गाडी दमली म्हणताहेत ना, मग गाडीच दमू दे.

“दिवे बघा,” अनंतराव म्हणाले.

इंद्रजीतने दिवे लावले. समोरची भिंत लख्ख उजळली, मीटरांच्या पेट्यांवरची नावेसुद्धा वाचता आली.

“मिणमिणतात. रात्री काही दिसत नाही. आता हॉर्न ऐका, घशातल्या घशात वाजतो.” त्यांनी खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. शेजारच्या स्कूटरखाली झोपलेले कुत्रे उठून फाटकाबाहेर पळाले. तनयाचे हात कानांवर गेले. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत सुशीलाबाई अवतरल्या.

“अहो, इथे माणसं राहतात! एसटी स्टँड नव्हे हा!”

अनंतरावांनी वर पाहिले नाही. “ऐकलंत?” ते इंद्रजीतला म्हणाले. “आवाज बसलाय.”

इंद्रजीतने एकवार तनयाकडे पाहिले. मग तो म्हणाला, “गंगाधाम चौकापर्यंत चक्कर मारून येतू, काका.”

“हीटरचा दिवा विझल्याशिवाय किल्ली पुढे फिरवायची नाही. घाई केलीत तर इंजिन उठणार नाही.”

गाडी उठली, धडधडली आणि फाटकाबाहेर पडली. तनयाचा इतका वेळ दाबून धरलेला संताप बाहेर आला.

“बाबा, तुम्ही गाडी विकताय की तिच्याविरुद्ध तक्रार नोंदवताय?”

“फसवून विकायची नाही मला. जे बिघडलंय ते घेणाऱ्याला कळायला हवं.”

“इतकं ऐकल्यावर कोण घेईल?”

“नसेल घ्यायची तर नको घेऊ दे,” अनंतराव म्हणाले आणि गाडीच्या रिकाम्या जागेत पडलेला तेलाचा थेंब चपलेने पुसत राहिले. या माणसाशी बोलण्यापेक्षा खांबाशी बोललेले बरे, असे तनयाला वाटले.

इंद्रजीत परतला तो हसतच. गाडीतून उतरून त्याने बॉनेटवर हात फिरवला.

“खरं सांगू का काका? रोज चालवायला ही गाडी परवडायची न्हाई. पार्ट मिळायचे वांधे, गर्दीत वळवायला तरास. पण हिच्यात खोट म्हणाल तर काय पण न्हाई. क्लच, ब्रेक, दिवं, समदं नव्यासारखं. तुम्ही मागाल ते देतो.”

अनंतराव त्याच्याकडे बघत राहिले.

“काहीच नाही?”

“काय पण न्हाई.”

हळूहळू त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी पुढे होऊन इंद्रजीतच्या हातातून किल्ली घेतली. “मग विकायची कशाला? चांगली गाडी कुणी विकतं का? माफ करा, तुम्हाला उगाच त्रास दिला. उद्यापासून मंडईत हीच घेऊन जातो.”

तनयाच्या डोळ्यांपुढे ती सायकलवाली बाई आली.

“बाबा, गाडीला काही झालेलंच नव्हतं!” ती ओरडली. “गाडीला नाही!”

दुसरे वाक्य तोंडातून निसटले आणि तिला ते परत घ्यावेसे वाटले. इंद्रजीत मान खाली घालून मोबाइल चाचपू लागला. अनंतरावांनी खांबावरचे रंगाचे पट्टे पाहिले. मग मान वर करून गॅलरीकडे पाहिले. सुशीलाबाई अजून तिथेच होत्या. त्यांचे ओठ तावातावाने हलत होते.

“तनया, मघाशी हॉर्न मोठा वाजला होता?”

“हो, बाबा.”

“किती मोठा?”

तिने फाटकाकडे बोट दाखवले. कुत्रे अजून फाटकाबाहेरच उभे होते. त्याच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

“गाडी तुमची,” ते शेवटी इंद्रजीतला म्हणाले. “फक्त एक चक्कर मारून येतो. थांबाल ना?”

“थांबतो की, काका.”

किल्ली मुठीत धरून ते ड्रायव्हरच्या दाराकडे निघाले. अडवायला तनया दोन पावले पुढे झाली. पण दारापाशी ते थांबले, टपावर हात टेकला आणि तसाच हात फिरवत बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेले. डावे दार उघडून त्यांनी किल्ली टपावरून तिच्याकडे सरकवली.

ती आत बसली. तिने क्लच दाबला. तो विनातक्रार तळापर्यंत गेला.

“हलका आहे?” त्यांनी विचारले.

“हो.”

अनंतरावांनी मान हलवली. त्यांचे गुडघे समोर डॅशबोर्डला टेकले होते. खाली वाकून त्यांनी सीटखालचा खटका चाचपून शोधला आणि सीट मागे सरकवली.